बाळाचा श्वास कोणी मोजावा?

वाचकहो, आपल्या घरातील तान्हे मूल शांत झोपले असता त्याच्या पोटाकडे एक मिनिटभर टक लावून आपण कधी पाहिले आहे काय? पोट वर येते आणि खाली जाते, हा झाला एक श्वास. असे श्वास संथ लयीत चाललेले असतात आणि ते मोजण्याचे आपल्यापैकी कोणाच्या मनातही येत नाही. परंतु मूल रडत नसताना, दूध पीत नसताना हेच श्वास धावू लागले, नाकपुड्या फुलू लागल्या, आणि श्वास आत घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर समजावे की त्या इवल्या फुप्फुसांत शत्रू शिरला आहे.

जबलपूरच्या परिसरात हिवाळा कडक असतो. नर्मदेच्या काठी पहाटे धुके उतरते, आणि याच दिवसांत लहान मुलांचे खोकले वाढतात. येथील आजीबाई अशा मुलाकडे पाहून म्हणतात, “पसली चल रही है.” विदर्भातील आपल्या भगिनी म्हणतात, “बाळाला डबा झाला.” दोघींची भाषा निराळी, परंतु दोघींनी पाहिलेले लक्षण एकच. वैद्यकशास्त्र त्यालाच न्यूमोनिया असे नाव देते. त्याचा जीवघेणा प्रकार पुष्कळदा जंतूंमुळे होतो, आणि त्या जंतूंचा नाश करणारी प्रतिजैविक औषधे आज अल्प मोलात मिळतात.

मग साहजिकच एक प्रश्न उद्भवतो. औषध स्वस्त, रोग जीवघेणा आणि दवाखाना दूर. अशा स्थितीत मूल आजारी पडण्याची वाट तरी का पाहावी? पोलिओचे थेंब ज्याप्रमाणे घरोघर जाऊन सर्व मुलांना पाजण्यात येतात, त्याप्रमाणे गरीब वस्तीतील सगळ्याच मुलांना प्रतिजैविकाचा एकेक डोस का पाजू नये? हा प्रश्न पोरकट नाही. जगातील मोठमोठ्या संशोधकांनी तो विचारला आहे आणि शेकडो गावांत त्याची कसोटी घेतली आहे. तितक्याच तोलाचे दुसरे एक उत्तर मात्र आपल्या शेजारच्या गडचिरोलीने त्याच्याही बरेच आधी देऊन ठेवले होते. ही दोन्ही उत्तरे वाचकांपुढे मांडावीत आणि त्यांपैकी आपल्या कामाचे कोणते याचा विचार करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

सगळ्या वस्तीला औषध

एका रोगासाठी सगळ्या वस्तीला प्रतिजैविक देण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. यॉज नावाचा एक त्वचेचा व हाडांचा रोग पूर्वी डोंगराळ, जंगली भागातील आदिवासी मुलांना होत असे. अंगावर चिघळणारे फोड येत, आणि उपचार न झाल्यास पुढे हाडे वाकडी होऊन मूल जन्माचे पंगू होई. या रोगावर पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन पुरेसे ठरते, असे आढळून आले. तेव्हा १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने मध्यप्रदेश, ओरिसा इत्यादी राज्यांत मोठी मोहीम सुरू झाली. जेथे रोग दाट होता, तेथे आजारी आणि निरोगी असा भेद न करता सगळ्या वस्तीलाच औषध द्यावे, असे त्या काळचे जागतिक धोरण होते.

मोहिमेचे यश डोळे दिपविणारे होते. रोग झपाट्याने ओसरला. आणि तो ओसरला म्हणूनच त्याच्यावरील लक्ष उडाले. १९७० नंतरच्या दशकात काही भागांत यॉजने पुन्हा डोके वर काढले. अखेर १९९६-९७ पासून पाड्यापाड्यांत फिरून रुग्ण शोधण्याचे आणि रुग्णाला व त्याच्या सहवासातील माणसांना औषध देण्याचे काम हाती घेण्यात आले. देशातील शेवटचे रुग्ण २००३ मध्ये सापडले, आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचे मान्य केले. या इतिहासातून घेण्यासारखा बोध एवढाच की, सरसकट वाटलेले औषध रोगाला मागे रेटते, परंतु त्याला परत येऊ न देण्याचे काम दारोदार फिरणारी, डोळस माणसे करतात.

नायजरमध्ये काय घडले

आता आफ्रिकेकडे वळू. तेथील अनेक गरीब देशांत खुपरी या नेत्ररोगाचा उपद्रव मोठा आहे. तिच्यावर उपाय म्हणून अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक गावेच्या गावे हाताशी धरून वाटण्यात येत असे. इथिओपियात असे वाटप चालू असता संशोधकांच्या एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली, व ती त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केली. औषध दिलेल्या गावांत डोळे तर सुधारलेच, पण मुलांचे मृत्यूही इतर गावांपेक्षा बरेच कमी झाले होते.

हा योगायोग की औषधाचा गुण, हे पडताळून पाहण्यासाठी २०१४ ते २०१७ या काळात नायजर, मलावी व टांझानिया या तीन देशांत फार मोठा प्रयोग करण्यात आला. ‘मॉर्डोर’ या नावाने तो ओळखला जातो. पंधराशेहून अधिक वस्त्या त्यात होत्या, आणि एक महिन्यापासून पाच वर्षांच्या आतील सुमारे १ लाख ९० हजार मुले. कोणत्या वस्तीला काय मिळावे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले गेले. निम्म्या वस्त्यांतील मुलांना दर सहा महिन्यांनी अझिथ्रोमायसिनचा एक डोस, तर उरलेल्या वस्त्यांतील मुलांना दिसायला तसेच, पण औषधी गुण नसलेले पेय पाजण्यात आले. कोणाला काय मिळाले हे पालकांना ठाऊक नव्हते, आणि पाजणाऱ्यांनाही नव्हते.

या प्रयोगाचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही देश मिळून औषधाच्या वस्त्यांत बालमृत्यू सुमारे साडेतेरा टक्क्यांनी कमी होते. नायजरमध्ये, जेथे मृत्यूचे प्रमाण सर्वांत अधिक होते, तेथे ही घट १८ टक्क्यांची होती. पुढे नायजरमध्येच झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी मोठ्या प्रयोगातही पाच वर्षांखालील सर्व मुलांना औषध दिल्यास सुमारे १४ टक्के मृत्यू टळतात, असे दिसून आले.

टक्केवारी कोरडी असते. तिचा अर्थ घराच्या हिशेबाने समजून घेऊ. मॉर्डोरच्या वेळी नायजरमधील औषध न मिळालेल्या वस्त्यांत हजार मुलांमागे वर्षाला २७ ते २८ मुले दगावत. औषध मिळालेल्या वस्त्यांत २२ ते २३. म्हणजे हजार मुलांनी वर्षातून दोनदा औषध प्याले, तेव्हा त्यांतील पाच मुले वाचली. ती पाच कोणती, हे त्यांच्या आयांनाही कधी कळणार नाही. म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही. ज्या घरातील दिवा विझला नाही, त्या घराला ते पुरते कळते.

तथापि या उपायाची एक किंमतही आहे. जंतूंना एखादे औषध वारंवार दिसू लागले म्हणजे त्यांतील चिवट जंतू तगून राहतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. पुढे खरोखरीच आजारी पडलेल्या मुलाला ते औषध द्यावे, तर जंतू त्याला दाद देत नाहीत. नायजरमधील औषध मिळालेल्या वस्त्यांत असे दाद न देणारे जंतू मुलांच्या शरीरात वाढल्याचे तपासणीत आढळले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेला सल्ला अतिशय सावध आहे: असे सरसकट वाटप सर्वत्र करू नये, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत, जेथे हजार जन्मांमागे ६० हून अधिक मुले पहिल्या वर्षात, किंवा ८० हून अधिक मुले पाच वर्षांच्या आत मृत्यू पावतात, तेथेच एक ते अकरा महिन्यांच्या बालकांसाठी त्याचा विचार व्हावा, आणि तोही इतर आरोग्यसेवा बळकट करीत असताना.

नागपूर रस्त्याने दक्षिणेकडे

जबलपूरहून दक्षिणेस निघालेला नागपूर रस्ता आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. याच रस्त्यावर, गढा भागात, आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था १९८४ पासून उभी आहे. रस्ता पुढे सिवनीवरून नागपुरास जातो, आणि तेथून पूर्वेकडील वनांत शिरले की गडचिरोली लागते. १९५६ पर्यंत जबलपूर, नागपूर आणि गडचिरोलीला पोटात घेतलेला जुना चांदा जिल्हा हे एकाच राज्याचे भाग होते. सीमा बदलल्या, पण मंडला-डिंडोरीचे गोंड व बैगा आणि गडचिरोलीचे गोंड व माडिया यांच्या झोपडीतील अंधार फारसा वेगळा नव्हता.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य परतले, आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. मुले कशाने मरतात याचा शोध घेता न्यूमोनिया हे एक प्रमुख कारण पुढे आले. औषध उपलब्ध होते. नव्हता तो घराजवळ रोग ओळखणारा माणूस. डॉक्टर दूर, नदीनाले आडवे, आणि न्यूमोनिया तर एकदोन दिवसांत घात करणारा.

तेव्हा त्यांनी असा विचार केला की, डॉक्टर गावात येत नसेल, तर गावात जो आहे त्यालाच हे एक काम शिकवावे. निमवैद्यकीय कार्यकर्ते, गावातील आरोग्यसेवक आणि सुइणी यांना श्वास मोजण्याचे व औषध देण्याचे शिक्षण देण्यात आले. परंतु सुईण अशिक्षित. तिने पन्नासपर्यंत आकडे कसे मोजावेत? यावर शोधलेली युक्ती मोठी मनोरंजक आहे. एका चौकटीत मणी ओवले आणि शेजारी एक मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ बसविले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत हात पोचला, तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचे. दहापर्यंत मोजता येणारी कोणतीही आजी आता न्यूमोनिया ओळखू शकत होती.

५८ गावांत हे काम चालले, आणि तुलनेसाठी ४४ गावांत पूर्वीचीच स्थिती राहिली. पहिल्या वर्षाचा हिशेब १९९० साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या ६१२ प्रसंगांत मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी, म्हणजे ०.८ टक्के होते. उपचार न मिळालेल्या भागात ते साडेतेरा टक्के होते. पाच वर्षांखालील हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, तर काम चाललेल्या गावांत ८.१ इतके भरले. औषध तेच साधे, स्वस्त. मात्र ते योग्य वेळी योग्य मुलाच्या तोंडात गेले.

याच वाटेने सर्चने पुढचे, अधिक कठीण पाऊल टाकले. जन्मल्यापासून २८ दिवसांचे अर्भक सर्वांत नाजूक. त्याच्या रक्तात जंतू शिरले म्हणजे ते रडत नाही, दूध ओढीत नाही, गार पडते, आणि घरच्यांना कळेपर्यंत वेळ निघून जाते. १९९५ पासून ३९ गावांतील निवडक स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून तयार करण्यात आले. त्या बाळंतपणाच्या वेळी हजर राहत, पुढे वेळोवेळी घरी जात, बाळाचे वजन करीत, आईला ऊब व अंगावरचे दूध यांचे महत्त्व पटवीत, आणि रक्तदोषाची लक्षणे दिसल्यास, आईवडिलांची संमती घेऊन, जेंटामायसिनचे इंजेक्शनही स्वतः देत. तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून २५.५ वर आले. शेजारच्या ४७ गावांत मात्र ते साठाच्या आसपासच राहिले. हा वृत्तांत १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०११ साली भारत सरकारने नवजात बालकाच्या घरच्या घरी काळजीचा कार्यक्रम देशभरातील आशा कार्यकर्त्यांवर सोपविला. त्यानुसार बाळ दवाखान्यात जन्मले तर सहा, आणि घरी जन्मले तर सात वेळा आशाताईने बेचाळीस दिवसांच्या आत त्याच्या घरी जावयाचे असते.

कोणते उत्तर आपले?

वाचकहो, आता दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहा. नायजरचे उत्तर म्हणते, कोणते मूल आजारी पडेल हे सांगणारा येथे कोणी नाही, म्हणून सर्वांना औषध द्या. गडचिरोलीचे उत्तर म्हणते, सांगणारा माणूस तयार करा, आणि ज्याला हवे त्यालाच औषध द्या. पहिल्या उत्तराला कोणी नावे ठेवू नयेत. जेथे घर जळत आहे, तेथे पाणी कोणत्या भांड्यातून आणले याची चिकित्सा करण्यात अर्थ नसतो.

पण आपल्या देशाचे मृत्यू निराळ्या जागी साचलेले आहेत. २०२० च्या सरकारी पाहणीनुसार भारतात हजार जन्मांमागे ३२ मुले पाच वर्षांच्या आत दगावत होती, आणि त्यांपैकी २० तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच. सहा महिन्यांनी एकदा गावात येणारे औषध एक महिन्याच्या पुढील मुलांसाठी असते. ते येईपर्यंत आपल्याकडील निम्म्याहून अधिक मृत्यू घडून गेलेले असतात. तेथे औषधाची पेटी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दार ठोठावणारी शेजारीणच उपयोगी पडते.

मध्यप्रदेशाला हे अधिक लागू आहे. त्याच वर्षी भारतात एक वर्षाखालील मृत्यूंचे प्रमाण हजारी २८, तर मध्यप्रदेशात ४३ होते. जबलपूर शहरात वैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आहे. पण मंडला, डिंडोरीच्या डोंगरांतील विखुरलेल्या टोल्यांतून तेथवर पोचणे म्हणजे एक प्रवासच. आणि जेथे जाणता हात पोचत नाही, तेथे दुसरा कोणता तरी हात पोचतो. शेजारच्या शहडोल जिल्ह्यात न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या मुलींना तापलेल्या लोखंडाने डागल्याच्या, आणि त्या दगावल्याच्या वार्ता २०२३ मध्ये सर्व देशाने वाचल्या. त्या मातांना निर्दय म्हणणे सोपे आहे. परंतु विचार करा, पसली चालली आहे हे त्यांनी अचूक ओळखले होते. काही तरी केले पाहिजे हेही त्यांना कळले होते. त्या घटकेला योग्य औषध घेऊन उभा असलेला माणूस त्यांच्या दारात नव्हता, एवढीच उणीव होती. ती उणीव भरून काढणे हे जितके शासनाचे, तितकेच समाजाचे काम आहे.

आपल्या हाती काय आहे?

श्वास मोजण्यास पदवी लागत नाही. मूल शांत असता त्याचे पोट उघडे करून घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरल्यास त्याच दिवशी आशाताईला, परिचारिकेला किंवा डॉक्टरांना दाखवावे. छातीखाली खळगा पडत असेल, मूल दूध ओढीत नसेल, सुस्त असेल, आकडी आली असेल किंवा अंग गार पडत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाच्या बाबतीत घरी थांबून वाट पाहूच नये.

प्रतिजैविक मात्र स्वतःच्या मनाने देऊ नये. साध्या सर्दीला त्याचा उपयोग नाही. जुलाबाच्या बाबतीतही असेच आढळले. भारतासह सात देशांत जुलाब झालेल्या मुलांना अझिथ्रोमायसिन देऊन पाहिले असता, त्यामुळे अधिक मुले वाचली असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले नाही. तेथे मीठ-साखरेची जलसंजीवनी व जस्ताच्या गोळ्या हाच खरा आधार. शेजाऱ्याच्या मुलाची उरलेली बाटली आपल्या मुलाला पाजणे, किंवा ताप उतरताच औषध अर्ध्यावर सोडणे, म्हणजे नायजरच्या मुलांना जी किंमत द्यावी लागली, ती त्यांचा लाभ न घेताच चुकती करणे होय. डॉक्टरांनी दिलेले औषध, सांगितले तितके दिवस, पूर्ण द्यावे.

आणि रोग दारातच अडविण्याचे उपायही आहेत. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, चुलीच्या धुरापासून बाळाला दूर ठेवणे, आणि वेळापत्रकाप्रमाणे लसी. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूविरुद्धची लस २०२१ मध्ये देशभरातील सरकारी लसीकरणात समाविष्ट झाली असून ती विनामूल्य मिळते.

आपल्या गल्लीत, आपल्या शेतावरील मजुरांच्या वस्तीत, आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईच्या झोपडीत एखादे तान्हे मूल असेल. आशाताई तेथे पोचली आहे काय, एवढे विचारण्यास पैसा लागत नाही. पोचली नसेल, तर तिला निरोप धाडण्यासही लागत नाही. आफ्रिकेतील शेकडो वस्त्यांनी आणि गडचिरोलीच्या सुइणींनी मिळून आपल्याला एकच गोष्ट शिकविली आहे: औषध मुलाला वाचविते खरे, पण औषधाला मुलाची वाट दाखविणारा कोणी तरी लागतो. आज रात्री आपले बाळ झोपले म्हणजे त्याच्या उशाशी बसून एक मिनिट मोजून पाहा. ते मोजता येऊ लागले, की शेजारच्या बाळासाठी तो कोणी तरी आपणच असाल.